पेवातला सिरका

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. तिने गॅसवर चहा ठेवला होता. मी पुढच्या खोलीत होतो. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं. दुपारी तिचा भाऊ वडनेरहून आला. संध्याकाळी आम्ही घाटावरून घरी आलो.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मग घरात काय काय आहे ते मला हळूहळू दिसू लागलं. न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यात चिनी मातीच्या तीन बरण्या होत्या, फडकी बांधलेल्या. त्यात जांभळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होता. तिच्या आईचं माहेर मध्य प्रदेशातलं. तिकडून तो सिरका वडनेरला आला आणि आमच्या लग्नानंतर वडनेरहून इथे, वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात. दह्याला विरजण लागतं तसा नव्या रसाला जुना सिरका लागतो. त्याच्यावर एक जाड, ओलसर साय धरते. ती साय जिवंत असते. ती मेली की सिरका पुढे चालत नाही. वडनेरची बरणी काही वर्षांमागे तडकली होती. त्यामुळे तो आता फक्त आमच्याकडे होता.

त्या सायीला आमचा उन्हाळा सोसत नाही. बायको चैत्र लागला की बरण्यांना ओली पोती गुंडाळायची, दिवसभर त्यांवर पाणी शिंपडायची, ऊन फिरेल तशा त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायची. "बाळंतिणीसारखं करा लागते याचं," असं म्हणायची. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. मी परत यायचो तेव्हा पोती वाळून पापडासारखी झालेली असायची. चैत्र अर्धा सरला आणि एका बरणीतली साय काळी पडून तळाशी बसली. सिरक्याला कुबट वास येऊ लागला. मी तो परसात ओतला आणि बरणी धुऊन पालथी घातली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आमच्या ग्रंथालयात एका कोपऱ्यात देणगीत आलेली इंग्रजी पुस्तकं पडून असतात. त्यात घरच्या घरी वाईनचं तळघर कसं बांधावं, यावरचं एक पुस्तक होतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात ते कुणी कधी नेलं नव्हतं. मी ते माझ्या नावावर घेतलं. वाईनला काय हवं ते त्यात नीट लिहिलं होतं: अंधार, स्थिर गारवा, हवेत थोडी ओल, हादरे नकोत. वाचताना मला आमच्या परसातलं पेव आठवलं. हे घर आम्ही एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलं तेव्हा ते घराबरोबर आलं होतं. पांढऱ्या, घट्ट मातीत खोल खणलेलं, रांजणासारखं, तोंडावर दगडी चिप. पूर्वी त्यात ज्वारी भरून ठेवत. आमच्या काळात त्या चिपेवर फक्त बायको पापड वाळवायची.

मी मेहुण्याला फोन केला. तो माझ्यापेक्षा बराच लहान, शेती करतो, आणि बहिणीचा जीव की प्राण होता. तो पहार आणि दोर घेऊन दुसऱ्या दिवशी हजर झाला.

"भाऊजी, चिप काढली की लगेच उतरू नोका," तो म्हणाला. "आधी कंदील."

रात्रभर तोंड उघडं ठेवून सकाळी आम्ही दोराने कंदील खाली सोडला. अर्ध्यावर तो मिणमिणला आणि विझला.

"पाह्यलं? तुमी गेले असते तं मले दोन तेरव्या करा लागल्या असत्या."

"एक वाचली तुझी."

"जवायाची तेरवी लई महाग पडते जी."

मग त्याने कडुलिंबाच्या डहाळ्यांची मोठी जुडी बांधली आणि ती दोराने पेवात खालीवर करू लागला, ताक घुसळल्यासारखी. आतली जड हवा अशी ढवळून काढतात. दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीने घुसळत होतो. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन जी सर, काय करून राह्यले?"

"सिरक्यासाठी तळघर करतोय, काकू."

"मले तं गावात कोनी सांगितलं का सर दारूचं गोदाम बांधून राह्यले."

मेहुणा थांबलाच नाही. "खरंच हाये काकू. उद्घाटनाले तुमीच येजा. पहिली बाटली तुमच्याच हाताने फोडू."

"फोडजो तुह्या डोक्यावर," असं म्हणून काकू गेल्या. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांसाठी झुणका-भाकर पाठवली.

संध्याकाळी कंदील तळापर्यंत जळत राहिला. पुढचे काही दिवस मेहुणा इथेच होता. आम्ही तोंड रुंद करून पायऱ्या काढल्या, वर विटांची बुटकी भिंत उभारून लाकडी दार बसवलं. आतून चुन्याचा गिलावा दिला. वारा खेळावा म्हणून दोन पाईप घातले, एक तळापर्यंत, एक छताशी. जमिनीवर वाळू पसरून तिच्यावर पाणी मारलं. हे सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. थर्मामीटर टांगून आलो. सकाळी पाहिलं तर पारा सत्तावीसवर. दुपारी बाहेर अंगणात पाय ठेववत नव्हता तेव्हाही सत्तावीस. पण पुस्तकात तेरा अंश लिहिलं होतं. मी पायरीवर बसून राहिलो.

"भाऊजी, आपण वर्ध्यात हाओत. काश्मीरात नाई," मेहुणा म्हणाला. "वर अंडं उकडते अन् इथं घाम येत नाई. अजून काय पाह्यजे?"

उरलेल्या दोन बरण्या खाली नेताना त्याने त्या पोटाशी धरल्या होत्या. एकेक पायरी बघत उतरत होता. वाळूवर त्या टेकवल्या आणि मग आम्ही एक चूक केली.

वडनेरला मेहुण्याच्या घरी बियाणं मडक्यात भरलं की मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपतात. पेवाचंही तसंच. जे जमिनीच्या पोटात ठेवायचं ते लिंपूनच ठेवायचं, ही तिकडची रीत. तो म्हणाला, बरण्याही लिंपू. मी पुस्तक पाहिलं. पुस्तकात ठळक लिहिलं होतं की हवा लागली की वाईन बिघडते. पुस्तक आणि रीत एकाच बाजूची निघाली, म्हणून आम्हाला शंका आली नाही. त्याने फडक्यांवर शेणमातीचा जाड थर दिला, हळदकुंकू वाहिलं. मी पाईपांची तोंडंही चिंध्या कोंबून बंद केली. आता पावसाळ्याशिवाय उघडायचं नाही, असं ठरवून तो वडनेरला गेला.

वैशाख फार कडक गेला. कॉलेजला सुट्टी होती. दुपारी मी कूलरसमोर पुस्तक घेऊन बसायचो आणि डोक्यात पेव असायचं. वाचवलं, असं वाटायचं. त्या वाटण्यावर मी बरेच दिवस काढले.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला मेहुणा पहिली जांभळं घेऊन आला. आम्ही खाली उतरलो आणि एका बरणीची माती फोडली. नाकाला काहीच झोंबलं नाही. सायीचा तुकडा तळाशी बुडाला होता, फिकट, मऊ पडलेला. दुसरी बरणी उघडली, तीही तशीच.

मेहुणा वाळूवर बसला.

"आपणच मारला का जी?" त्याने विचारलं.

मी वर आलो, स्वयंपाकघरात गेलो. बरण्यांवरची फडकी घेऊन आलो होतो, ती धुवायला पाण्यात टाकली. शेणमाती सुटली आणि खाली बायकोच्या जुन्या पातळ लुगड्याचे तुकडे दिसले, विरून जाळीसारखे झालेले. वर्षानुवर्षं ती हेच बांधायची. घरात नवं, घट्ट विणीचं कापड होतं, झाकण्याही होत्या. तरी ती हेच घ्यायची. आणि उन्हाळ्यात इतकी पोती गुंडाळायची, पण बरणीच्या तोंडावर पोतं कधी येऊ द्यायची नाही. मी ते रोज पाहिलं होतं.

मी पुन्हा पेवात उतरलो. "हे वाईन नाही," मी मेहुण्याला म्हणालो. "सिरक्याला हवा लागते. आपण त्याचं नाक दाबलं."

"मंग मेला का नाई?"

"ठाऊक नाही. पण काळा पडलेला नाही. वासही कुबट नाही."

आम्ही पाईपांतल्या चिंध्या उपसून काढल्या. लुगड्याची धुतलेली फडकी बरण्यांवर पुन्हा सैल बांधली. जांभळाचा रस आम्ही घातला नाही, आधी जुन्याला श्वास घेऊ दे, असं मेहुण्याचं म्हणणं पडलं. तो त्या वेळी वडनेरला परत गेलाच नाही. पेरणीची तयारी तोंडावर होती, त्याची बायको फोनवर रागावत होती. तो तिला म्हणायचा, "येतो ना बाप्पा. इथं पेशंट हाये."

त्या दिवसांत मी ते इंग्रजी पुस्तक पुन्हा वाचलं. ते वाईनबद्दल खरं होतं. तेरा अंशांत आमची साय थिजून गेली असती. सत्तावीस तिला मानवणारं होतं, पण ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. वरचेवर खाली जाऊन मी पाहत राहिलो तेव्हा ते कळलं.

एका सकाळी मेहुण्याने खालून हाक मारली. आवाज मोठा नव्हता. मी उतरलो. त्याने मोबाईलचा उजेड बरणीवर तिरपा धरला होता. सिरक्यावर एक पातळ पापुद्रा आला होता, दुधावर पहिल्यांदा धरतो तसा. त्याने वाकून वास घेतला आणि मान झटकन मागे घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"झोंबलं?" मी विचारलं.

"लई झोंबलं," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने घाई केली नाही.

दुसऱ्या बरणीत साय धरली नाही. आम्ही काही दिवस वाट पाहिली आणि ती सोडून दिली. मग ताजी जांभळं कुस्करून, रस गाळून, जित्या बरणीतला सिरका त्यात विरजणासारखा घातला. पेरणीला जाताना मेहुण्याने एक छोटी बरणी मांडीवर घेतली आणि बसमध्ये वडनेरपर्यंत तशीच नेली. वाटेत कुणीतरी विचारलं म्हणे, काय हाये जी यात. त्याने सांगितलं, माह्या बहिणीचं सामान.

आता पेवात पाच बरण्या आहेत. पावसाळा गेला, थंडी गेली, पारा थोडा खाली आला आणि परत वर चढला, साय जाड झाली. वडनेरच्या बरणीतही ती धरली आहे, असं मेहुण्याने कळवलं. त्याच्या बायकोने बरणीसाठी माजघरात जमिनीत खड्डा करून घेतला आहे. मी कॉलेजातून आलो की पेवात उतरतो, वाळूवर पाणी शिंपडतो, फडकी सैल आहेत ना ते बघतो आणि वर येऊन चहा करतो. ती नाही. तिचा सिरका दोन घरांत आहे.