बाबांविरुद्धची प्रार्थना

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीत सोडण्याची चढाओढ लागायची. कोणी चहा सोडायचं, कोणी मटण, कोणी सिनेमा. ईस्टरच्या दुपारी सगळं परत धरायचं. मला याची चीड यायची. चाळीस दिवस चहा न पिऊन कोणाचं भलं झालं, असं मी उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा कल्याणहून येणारे आमचे पाळकसाहेब वैतागून म्हणाले, "मग तू काही सोडू नकोस, बाई. ज्याचा तुला सगळ्यात जास्त राग येतो त्याच्यासाठी रोज प्रार्थना कर. आणि मोठ्याने कर. मनातल्या मनात करायला गेलीस तर झोपशील."

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो भिंतीपलीकडेच होता. माझे बाबा.

बाबा आधी मुंबईच्या गिरणीत होते. गेटवर वाटलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. शाळेतले धडे नीट वाचता येण्याआधी मला 'आमच्या मागण्या' वाचता येत होत्या. दुसरीकडून मामा धर्माची पत्रकं आणायचा. पश्चात्ताप करा, वेळ थोडा आहे. दोन्ही पत्रकांचा सूर एकच. कोणीतरी पापी आहे आणि त्याला आजच्या आज सांगितलं पाहिजे. मी त्यावरच वाढले.

गिरणी बंद पडली आणि आम्ही भिवंडीत नारपोलीला आलो. काही वर्षं बाबांनी दुसऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली. मग चार जुने लूम घेतले आणि आमच्या खोलीमागच्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना टाकला. दोन मजूर ठेवले, एक दिवसाचा, एक रात्रीचा. बारा-बारा तास. ज्या माणसाने मला आठ तासांच्या मागणीचं पत्रक पाठ करायला लावलं त्या माणसाने! मी कॉलेजात होते. दिवाळीत मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "भिवंडीत बाराच चालतात. तू पत्रक छाप, मी कापड काढतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. जे काही असेल ते आईच्या मार्फत. "आई, बाबांना सांग, घासलेट संपलंय." आई कोपऱ्यात चरख्यावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरत असायची. तीन फुटांवर बसलेल्या नवऱ्याकडे मान न वळवता म्हणायची, "अहो, घासलेट संपलंय. मला आता खाकी कपडे शिवा एकदा, पोस्टमन झालेच आहे."

तर पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, मी प्रार्थनेसाठी चटई टाकली. कॉलेजातून आल्यावर, संध्याकाळी पाचला. भिंतीपलीकडे चार लूम खडखडत असायचे. आमच्याकडे साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं असतं, तर देवाचं काय. मी घसा ताणून सुरू करायची. "हे प्रभू, माझ्या बापाचे डोळे उघड. पहिली गोष्ट, तो कामगारांना बारा तास उभं ठेवतो. दुसरी गोष्ट, शेडमध्ये एक खिडकी नाही..."

"देवाशी बोलतेस की मोर्चा नेतेस?" आई म्हणाली.

"प्रार्थनाच आहे ही."

"मग मधे एकदा 'कृपा कर' तरी म्हण गं."

शुक्रवारी भिवंडीच्या सुट्टीमुळे लूम बंद असायचे, तेव्हा मी ओठ मिटून प्रार्थना करायची. बाकीचे दिवस माझा आवाज आणि त्यांचे लूम. असे दोनेक आठवडे गेले. मग एका मंगळवारी, मी अगदी ऐन रंगात असताना, लाइट गेली. चारही लूम एका झटक्यात थांबले. आणि त्या शांततेत माझं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "...आणि हा माणूस त्यांचं रक्त पितो!"

भिंतीपलीकडून दिवसपाळीच्या मजुराचा आवाज आला. तो उत्तर प्रदेशचा, मराठी त्याला अर्धीच कळायची. "सेठ, बिटिया आपके लिए दुआ माँग रही है."

"हां," बाबा म्हणाले. "सुन रहा हूँ."

ते दारात येऊन उभे राहिले. केसांत, भुवयांत कापसाची पांढरी लव. दिवाळीनंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य हे होतं, "बारा नाही, अकरा. एक तास जेवणाचा." मग म्हणाले, "आणि माझ्यामागे देवाला काय सांगतेस? माझ्यासमोर सांग. उद्यापासून मी बसतो."

मला वाटलं, एक दिवस बसतील. ते रोज बसले. हात धुऊन, मांडी घालून, डोळे मिटून. आणि दर वाक्याला अडवायचे. "भिंतीत खिडकी पाडली तर वाऱ्याने सूत तुटतं." पलीकडे एखाद्या लूमचा आवाज बदलला की माझं वाक्य अर्धं असतानाच "आमेन" ठोकून पळायचे. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला किती त्रास झाला ते सांगता येणार नाही. त्यात आम्ही थेट बोलत नव्हतोच. "प्रभू, हिला सांग, सुताचा व्यापारी आठ तासांत थांबत नाही." "प्रभू, यांना विचार, मग गिरणीच्या गेटवर तुम्ही कशाला उभे होतात?"

"बरं झालं," आई कांडी लावत म्हणाली. "माझी नोकरी देवाने घेतली."

ईस्टर आला. मी सोमवारी चटई गुंडाळून ठेवली. माझं काम झालं होतं, निकाल शून्य. बाबा पाचला हात धुऊन आले, गुंडाळलेली चटई पाहिली आणि परत गेले. मंगळवारीही तसंच. बुधवारपासून आलेच नाहीत. घर पुन्हा दिवाळीनंतर होतं तसं झालं. मी म्हणाले, "आई, बाबांना सांग..." तिने चरखा थांबवला. "नाही सांगणार. तुमच्या दोघांचं तोंड शिवलंय का? जा, स्वतः सांग."

त्याच आठवड्यात दिवसपाळीचा मजूर गावाला गेला, आणि त्याच्या जागी बाबा स्वतः लूमवर उभे राहिले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दोन दिवस मी भिंतीकडे पाहत बसले. चटईवर एकटीने बसून पाहिलं, पण समोर अडवायला कोणी नाही म्हटल्यावर एक वाक्य पुढे सरकेना. तिसऱ्या दिवशी पाचला मी शेडमध्ये गेले. तिथे कानाला तोंड लावल्याशिवाय बोलता येत नाही. मला त्यांच्या कानाशी तोंड न्यावं लागलं.

"प्रार्थना राहिलीय," मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुताची तार तुटल्याशिवाय चालू लूम थांबवणारा माणूस नव्हे तो. त्यांनी पहिल्या लूमचा दांडा ओढला. मग दुसऱ्याचा. मग उरलेल्या दोन्हींचा.

आई धावत आली. "लाइट गेली?"

"नाही. प्रार्थना आहे," बाबा म्हणाले आणि सुताच्या गोणीवर धपकन बसले. दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबायला लागले. "आज ते तासांचं पहिल्यापासून मांड. नीट मांड. उभं राहून पायांत जीव उरला नाही."

मला इतका संताप आला! गिरणीच्या पत्रकांपासून त्या दिवसापर्यंत मी जे ओरडत होते ते या माणसाला पोटऱ्यांतून कळावं! मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि हे जसंच्या तसं देवाला सांगितलं. या वेळी त्यांनी मधे अडवलं नाही.