पाटावर नाही, किल्ल्यावर

तीन वेळा मी पाटावर बसले होते आणि तिन्ही वेळा मी उठून चालू लागताच बैठकीतली माणसं एकदम गप्प झाली होती. चार वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण उजवा पाय डाव्यापेक्षा बारीक आणि बोटभर आखूड राहिला. बसलेली असले तर कुणाला काही कळायचं नाही. उभी राहिले तरी लुगड्याच्या घोळात निभावून जायचं. चालले की मात्र माझं सगळं अंग उजवीकडे झुकायचं. मला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. मी विहिरीचं पाणी भरत होते, रोज मुलींच्या शाळेत शिकवायला पायी जात होते. वाटायचं ते बघायला येणाऱ्यांना.

तिसऱ्या वेळी मुलाच्या काकाने मला ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालायला लावलं. बाजारात बैल घेताना चालवून बघतात, तसं. दुसऱ्या फेरीला मी ओसरी ओलांडून थेट चुलीपाशी गेले आणि पुन्हा बाहेर आलेच नाही. पाहुणे पोहे खाऊन निघून गेले. त्या संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं, "नाना, आता मी पाटावर बसायची नाही. ज्याला मला बघायचं असेल त्याने लळिंगच्या किल्ल्यावर चढताना बघावं. काय ते एकदाच दिसू दे सगळं."

आई म्हणाली, हिचं डोकं फिरलंय. नानांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. ते धुळ्याच्या कचेरीत कारकून होते आणि कुणाच्याही तोंडावर काही बोलणं त्यांना जमत नसे, पण कागदावर ते धीट होते. अमळनेरचं एक स्थळ तेव्हा सांगून आलेलं होतं. मुलगा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला, वडील वारलेले, घरी आई आणि थोडी शेती. नानांनी त्यांना कार्ड टाकलं की मुलीची इच्छा आहे, बघण्याचा कार्यक्रम घरी न करता लळिंगच्या किल्ल्यावर करावा.

"पायाचं लिहिलंत का?" मी विचारलं.

"नाही लिहिलं," नाना म्हणाले. "तूच म्हणालीस ना, दिसू दे म्हणून?"

आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर मुलाचं होतं, गोल आणि सावकाश काढलेलं. त्याने लिहिलं होतं की आईला किल्ल्यावरचे महाल बघायचेच होते, म्हणून त्या दिवशी आपण अमळनेरहून भाड्याची मोटर घेऊन येऊ, पायथ्याच्या गावातून एक वाटाड्या घेऊ आणि किल्ला झाला की तापीच्या काठी जेवायला जाऊ. किल्ल्यावर कशाला, असं एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि मग स्वतःवरच चिडले, कारण दुसऱ्यांदा वाचायचं काही कारण नव्हतं.

ही गोष्ट दुसरी जागतिक लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची. आमच्या गल्लीत मोटर येणं म्हणजे अर्धी गल्ली दारात. मोटर अगदी उंबऱ्याला लागून उभी राहिली. पुढे ड्रायव्हरशेजारी मुलगा, मागे त्याची आई. अंगाने भरलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. आमच्या आईने येणार नाही असं ठामपणे सांगितलं होतं. लेकीची डोंगरावर धिंड निघताना मला बघवणार नाही, म्हणाली. तेव्हा नाना आणि मी बसलो. दारापासून मोटरीपर्यंत चारच पावलं होती. ती मी टाकली आणि मनात म्हटलं, आता खरं काय ते डोंगरावर.

लळिंगच्या पायथ्याशी वाटाड्या तयारच होता. सत्तरीचा असेल, पण पाय काटकुळे आणि हलके, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. सगळे मोटरीतून उतरले. मुलाची आई मात्र उतरली ती मोटरीच्या पायरीवरच टेकली आणि किल्ल्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "मना गुडघा काई चढाव नहीत. तुम्ही जा. मी अठेच बठस."

मी नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. सून निवडणारी ती. तिच्या डोळ्यांसाठी मी हा अख्खा डोंगर मागितला होता, आणि ती खाली शेंगा सोलत बसणार! मला असा संताप आला की विचारू नका. रात्रभर मनाची तयारी केली होती ती सगळी वाया गेली. पण "अक्का, थोडं तरी चला" असं म्हणायची माझी जीभ रेटेना. आम्ही चौघं निघालो. पुढे वाटाड्या, मग मुलगा, मग मी, मागे नाना.

वाट खड्यांची होती. सपाटीवर मला फारसं जड जात नाही, पण चढावर आखूड पाय जिथे टेकतो तिथे खडा निसटला की कंबरेला हिसका बसतो. लपवायचं काही उरलंच नव्हतं. मी दणादण पाय टाकत निघाले. पुढे चाललेल्या मुलाने एकदा मागे वळून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग तो बघायचा थांबला. मला वाटलं, झालं, दिसलं. आता वर जायचं ते फक्त महाल बघायला.

महाल मात्र पुष्कळ निघाले. दरवाज्यातून आत गेलो आणि पहिली पडकी भिंत आली, तशी वाटाड्याने काठी उगारली. "हाऊ रानीना महाल शे." थोडं वर गेल्यावर दुसरी भिंत. "हाऊ दुसरी रानीना." तिसरी खोली कातळात अर्धी कोरलेली होती आणि आत पाण्याचा गारवा होता. ती म्हणे लहान राणीची. मुलगा प्रत्येक ठिकाणी थांबायचा आणि वाटाड्याला बारीकसारीक विचारायचा. राणी कुठली? खिडकी कुठल्या दिशेला होती? पाणी कुठून यायचं? वाटाड्या खुलायचा आणि सांगत सुटायचा. मी मागून पोचायचे, भिंतीला टेकायचे, तोवर राणीचं माहेर निघालेलं असायचं.

चौथ्या महालाशी वाटाड्याचं भांडार संपलं असावं. तो नुसताच "चला" म्हणाला. मी अजून वीसेक पावलं खाली होते. तर हा गृहस्थ त्याला म्हणतो, "बाबा, आणखी एखादी राणी नव्हती का?"

वाटाड्याने त्याच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. म्हातारा हुशार होता. सावकाश खाली बसला आणि म्हणाला, "व्हती ना भाऊ. रुसेल रानी. तिन्हा महाल तर हाऊच." आणि एका उघड्या चौथऱ्यावर काठी ठेवून त्याने त्या रुसलेल्या राणीची अशी लांबण लावली की मी येऊन, बसून, घाम पुसून, तांब्यातलं पाणी पिऊन झालं तरी राणीचा रुसवा निघेना.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे महाल माझ्यासाठी चालले होते. मला रागच आला. मी सरळ म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका. मला चढता येतं."

परक्या पुरुषाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. नाना मागे खोकले. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "ते मी बघितलंय. तुम्हाला येतं. पण मला दम लागतो हो. जिनात दिवसभर कापसाचा भुसा नाकात जातो, छाती भरून येते." आणि खरंच तो धापा टाकत होता. इतका वेळ मी माझ्याच पायाकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही बरोबरीने चढलो. माथ्यावर वारा भरभर वाहत होता आणि खाली आग्रा रोडवर बैलगाड्यांची रांग मुंग्यांसारखी सरकत होती. माघातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. वाटाड्याने इथे राजा बसायचा म्हणून एक दगड दाखवला, त्यावर नाना बसले आणि पागोटं काढून वारा घेत राहिले. नानांना इतकं सुखात बसलेलं मी फार वर्षांनी बघत होते. मीही सुखात होते, आणि खरं सांगायचं तर तिथेच माझी पंचाईत झाली. सकाळी मला हा मुलगा हवा की नको याचं काही नव्हतं, फक्त एकदाचा निकाल लागायला हवा होता. आता मला तो हवा होता. आणि जिच्या हातात निकाल, ती खाली बसली होती, तिला काहीच माहीत नव्हतं.

खाली आलो तेव्हा सावली मोटरीखाली गेली होती आणि ती ड्रायव्हरला शेंगा खायला घालत होती. वाटाड्याला तिने ओंजळभर शेंगा दिल्या आणि त्याच्या नातवंडांची चौकशी केली. मग मोटर परत धुळ्यावरून निघून दुपारी तापीच्या काठी पोचली, जिथे पांझरा येऊन तापीला मिळते. महादेवाचं देऊळ, दगडी पायऱ्यांचा घाट आणि पलीकडे रेतीच रेती. आमच्या खानदेशाला समुद्र नाही. समुद्र म्हणून जे काही आम्हाला ठाऊक, ते हेच. मुलगा एकदा सुरतेला समुद्र बघून आला होता. म्हणाला, तिथेही अशीच रेती असते, फक्त पलीकडचा काठ नसतो.

जेवायला रेतीवर बसायचं ठरलं. मोटर वरच उभी करून आम्ही उतरलो, आणि एक चमत्कार झाला. पाऊलभर खोल मऊ रेतीत सगळ्यांचीच चाल बिघडली. नाना डावीकडे कलत होते, तो उजवीकडे, त्याची आई तर माझ्या खांद्याला धरून डुलतडुलत चालली होती. त्या रेतीत कुणाचा पाय लहान आणि कुणाचा मोठा, देवालाही कळलं नसतं.

डब्यात वांग्याचं भरीत, पुऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. भरिताला चुलीच्या धुराचा वास होता आणि मी पाच पुऱ्या खाल्ल्या. बघायला आलेल्यांसमोर मुलीने पाच पुऱ्या खाऊ नयेत एवढं मला कळत होतं, पण डोंगर चढून आले होते. ती वाढत होती आणि बघत होती. सगळ्यांची जेवणं झाली तेव्हा हात झटकून ती नानांना म्हणाली, "नाना, पोर आमले पसंत शे."

नानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याचा अर्थ मला स्पष्ट कळला. गप्प राहा, पोरी. एवढा एक वेळ गप्प राहा. मी समोर बघितलं तर मुलगाही माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याने ते सांगितलेलं नव्हतं. सांगायचं की नाही, ते त्याने माझ्यावर सोडलं होतं.

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. अक्षता पडल्या असत्या. आणि मग अमळनेरच्या घरात पहिल्या दिवशी मी उंबरा ओलांडून ओसरीवर चालले असते, आणि तीच शांतता पुन्हा पसरली असती, आणि या वेळी मला घरी परत जाता आलं नसतं. मी उठले आणि घाटाकडे गेले.

"अक्का," मी हाक मारली, "जरा इकडे या. इथून बघा."

ती उठून रेतीच्या कडेला आली. घाटाची सगळ्यात रुंद पायरी मी निवडली, सरळ आणि कोरडी. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी चालले आणि परत आले. दगडावर माझा पाय एक टेकतो, एक आपटतो, तसा आवाज येत होता. नानांनी मान खाली घातली. मी तिच्यासमोर येऊन उभी राहिले.

ती म्हणाली, "देखं मी. सकायलेच देखं, तू मोटरम्हा चढनी तव्हय."

म्हणजे दारापासूनच्या त्या चार पावलांतच तिला सगळं दिसलं होतं. मग मी विचारलं, "तर मग वर का नाही आलात? मी तुम्हालाच दाखवायला किल्ला मागितला होता."

"तेच ना माय," ती म्हणाली. "मी वर वनी असती, ते तू सारी वाट मनाकडेच देखत चढती. किल्ला कव्हय देखती मंग?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. तीन बैठकांचं रडणं होतं ते, इतके दिवस साठवलेलं. गुडघे धरत ती माझ्या शेजारी टेकली. उगी म्हणाली नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. माझं पुरतं रडून होईपर्यंत पाण्यात बोटं बुडवून बसून राहिली. मग लांब रेतीत उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, "आते तू सांग. तुले मना पोऱ्या पसंत शे का?"

तीन वेळा पाटावर बसले होते, आणि त्यातल्या एकाही वेळी हे कुणी मला विचारलं नव्हतं. नानांनीही नाही. मी "हो" म्हणाले, पण ते इतक्या जोरात निघालं की पलीकडे पाण्याशी धुणं धुणारी बाई हात थांबवून आमच्याकडे बघत राहिली.