वकिलांच्या घरचे विडे

आमचा केशव भोर संस्थानचा वकील होता. कोर्टात भांडणारा वकील नव्हे हो. पुण्याला गोऱ्या साहेबापुढं दरबाराचं म्हणणं मांडायचं आणि साहेबाचं म्हणणं परत येऊन सरकारांच्या कानावर घालायचं, हे त्याचं काम. उभा जन्म त्यात गेला. साप मरावा आणि काठीही तुटू नये, असं त्याचं बोलणं. मी त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहणारी, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून मीसुद्धा कधी ऐकला नाही.

पेन्शन घेऊन घरी बसला तरी दरबार काही सुटेना. बैठकीत लोडाशी कोण बसणार, सतरंजीच्या कडेला कोण, सगळं ठरलेलं. बोलणं संपलं की चांदीच्या तबकातून विडे यायचे. पाहुण्यानं विडा उचलला की गोष्ट ठरली, मग शब्द फिरवायचा नाही. भावजय होती तोवर ती तबक नेई. ती वारल्यावर ते काम थोरल्या लेकीकडं, सरोजकडं आलं. मी पडले विधवा, माझ्या हातचा विडा कोण घेणार?

पुढं सरोजला नसरापूरला दिली. त्या श्रावणात माहेरी आली ती ओळखू येईना. नुसती काडी झालेली, आणि मनगटावर चटक्यांचे डाग. दूध उतू गेलं म्हणून सासूनं पळी तापवून लावली म्हणे. मी केशवला खडसावलं, "परत पाठवलीस तर पोर हातची जाईल."

तो म्हणाला, "आक्का, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात."

अरे मेल्या, डाग दिसतायत की डोळ्यांनी, कसल्या बाजू ऐकतोस?

दसरा झाला आणि तिचे सासरे चिमाजीपंत सुनेला न्यायला आले. केशवनं त्यांना लोडाशी बसवलं. मी आणि सरोज दाराआड. तास-दीड तास सगळं गोड गोड चाललं. "मुलीच्या जातीनं थोडं सोसायला शिकावं," चिमाजीपंत म्हणाले. केशव म्हणाला, "आपण वडीलधारे, सांभाळून घ्यालच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात त्यानं हाक मारली, "सरोज, विडे आण."

म्हणजे स्वतःच्या पाठवणीचे विडे पोरीनं स्वतःच आणायचे. मी तिचा हात घट्ट धरला. तिनं तो सोडवला, तबक उचललं आणि बाहेर गेली. सासऱ्यांपुढं वाकून तबक धरलं आणि म्हणाली, "विडा घ्या मामंजी. मी येणार नाही."

चिमाजीपंतांचा हात वरच्या वर राहिला. त्यांनी केशवकडं पाहिलं. "वकीलसाहेब, हे तुमचंच म्हणणं समजायचं का?"

केशव पांढराफटक पडला. धाकट्या मालिनीचं लग्न व्हायचं होतं, गावात अब्रू होती. तो म्हणाला, "मुलीचं म्हणणं आपण ऐकलंत. त्यात मला काही भर घालायची नाही." बघा, तेव्हासुद्धा सरळ बोलेल तर शपथ. पण चिमाजीपंत काय समजायचं ते समजले. विड्याला हात न लावता उठले, वहाणा घातल्या आणि चालते झाले.

मालिनीचं जमत आलेलं स्थळ पुढच्याच महिन्यात फिरलं. बैठकीत माणसं येईनाशी झाली. केशव एकटाच लोडाशी बसून राही. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

एकदा जेवताना, वाढता वाढता, सरोजनं विचारलं, "बाबा, मी बोलले नसते तर तुम्ही मला पाठवलं असतं ना?"

मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी गोल गोल बोलेल. बोलू दे बाई, तेवढंच पोरीच्या जिवाला बरं.

केशवनं हातातला घास ताटात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "पाठवलं असतं."