सात नंबरचं नितळ पाणी

खाणीत तिला सगळे बाटलीवाली म्हणायचे. नवा कुणी कामाला आला की दोन दिवस भलतंच समजून दबकून वागायचा. मग त्याला कळायचं की ही बाई पाण्याचे नमुने भरते.

खनिज काढून घेतल्यावर उरलेला राखाडी गाळ कंपनी डोंगराच्या पोटाशी बांध घालून साठवायची. त्या गाळतळ्याखालच्या उतारावर नऊ बोअर होते, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, वर कुलूप असलेले नऊ पाइप. तळ्यातलं खराब पाणी झिरपत खाली निघालंय का, हे त्यांच्या पाण्यावरून कळायचं. आणि उतार संपतो तिथे वस्तीची विहीर होती. तीनशे माणसं तिचंच पाणी प्यायची.

काम दिसायला सोपं, करायला कंबरडं मोडणारं. पाइपात महिनाभर उभं असलेलं पाणी शिळं असतं, ते खरं काही सांगत नाही. ते आधी तीन पाइप भरतील इतकं उपसून फेकायचं, तेव्हा कुठे जमिनीतलं ताजं पाणी आत येतं, आणि बाटली त्याची भरायची. एका बोअरला पाऊण तास. चौदा वर्षं बाटलीवालीने हे एकटीने केलं. आपल्याशिवाय हे कुणाला जमणार नाही, असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तेवढं एकच तिला स्वतःबद्दल चांगलं वाटायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं, घरात जाऊ आली आणि बाटलीवाली थोरली झाली. शिकलेली, हसरी, आणि वर कामसू. एखादा तरी दोष असावा ना माणसात! चौदा वर्षांत थोरलीच्या चहाला ज्यांनी कधी बरा म्हटलं नाही, त्या सासूबाई धाकटीच्या हातचा दुसरा कप मागून घ्यायला लागल्या. दोघींच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत. पलीकडे हसणं सुरू झालं की अलीकडे थोरली भांडी जरा जोरात आपटायची. पहिल्या महिन्यापासूनच ती धाकटीला पाण्यात पाहत होती.

त्यात धाकटीला खाणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. साहेब थोरलीला म्हणाले, "खालचे चार बोअर आता हिच्याकडे द्या. फार वर्षं एकटीने केलंत, जरा आराम होईल तुम्हाला." थोरलीने ऐकलं ते असं, की तू म्हातारी झालीस.

शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. तिने सगळं शिकवलं. बाटली विसळायची कशी, चिठ्ठीवर काय लिहायचं, बर्फाच्या पेटीत उभी ठेवायची की आडवी. फक्त उपसायचं तेवढं सांगितलं नाही. एवढंच नव्हे, ज्या सकाळी धाकटीला दाखवायचं होतं, त्या सकाळी ती तासभर आधी जाऊन बोअर उपसून आली. मत्सर माणसाला किती लवकर उठवतो! धाकटीला दिसली ती नुसती बाटली भरणं.

"ताई, या तक्त्यात शेवटी 'पाइप' म्हणून रकाना आहे, तो कशाचा?"

"त्यात तीन लिहायचं," थोरली म्हणाली. "नेहमी तीनच असतं."

तिला वाटलं होतं, ही चुकेल, साहेबांची बोलणी खाईल आणि मग येईल आपल्याकडे विचारायला. करायला गेली एक आणि झालं भलतंच. शिळं पाणी पाझर येण्याआधीचं, त्याने आकडे बिघडले नाहीत, सुधारले. थोरलीच्या वरच्या बोअरमध्ये क्षार महिन्यागणिक वाढत होते आणि धाकटीच्या खालच्या बोअरचं पाणी मात्र नितळ. शिवाय तिचं काम दहा मिनिटांत आटपायचं. साहेबांनी फळ्यावर तिचा फोटो लावला, खाली लिहिलं, 'चोख आणि झटपट'. थोरली त्या फळ्यावरून रोज मान वळवून जायची.

नितळपणाचं कारण तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तरी ती गप्प राहिली. मग एक दिवस साहेब म्हणाले, "पाझर वरच थांबतोय असं दिसतंय. खाली सगळं स्वच्छ आहे. विहिरीच्या वर जो चर खणून पाझर अडवणार होतो, तो पुढच्या वर्षी बघू."

हे मात्र तिच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच सात नंबरवर गेली. सात नंबर विहिरीपासून चाळीस पावलांवर. तिने रीतसर तीन पाइप पाणी उपसलं आणि ताज्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा चढतच गेला. तिने वळून विहिरीकडे पाहिलं. पण भीतीच्या मागोमाग, सांगायला लाज वाटते, तिला आनंद झाला. आता साहेबांना एवढंच सांगायचं, की धाकटी पाणी उपसतच नाही. विहीर वाचेल आणि फोटोही उतरेल. एका दगडात दोन पक्षी.

ती तडक गेली आणि सांगितलं. साहेबांनी धाकटीला बोलावून घेतलं.

"उपसा न करता नमुने घेता तुम्ही? आणि तक्त्यात तीन लिहिता?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "उपसा? माझ्याकडूनच राहिलं असणार, साहेब. ताईंनी सगळं नीट शिकवलं होतं. मी रोज घरी जाऊन लिहून काढायचे." तिने पिशवीतून वही काढली आणि आपली चूक कुठे झाली ते ती शोधू लागली. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. दुसऱ्या पानावर ते थांबलं. थोरली बाजूलाच उभी होती, तिला ओळ स्पष्ट दिसली. 'शेवटच्या रकान्यात नेहमी तीन लिहायचं. इति ताई.'

धाकटीने वर पाहिलं, साहेबांकडे नाही, थोरलीकडे. मग तिने वही मिटली.

"माझीच चूक आहे, साहेब," ती म्हणाली. "लिहायचं राहून गेलं."

आपल्या हातून ती वही मिटली नसती, हे थोरलीला तिथल्या तिथे कळलं. आपण ती साहेबांच्या टेबलावर उघडी आपटली असती. आजवर तिने हिच्या रूपाचा, शिक्षणाचा, चहाचा हेवा केला होता. तो सगळा हेवा एकीकडे आणि या मिटलेल्या वहीचा एकीकडे. हा तिला सोसवला नाही, म्हणून ती बोलली. चांगुलपणाने बोलली असं कुणी समजू नये.

"वहीत नाही, कारण मी सांगितलंच नाही. मुद्दाम. तो तीनचा आकडाही मीच लिहायला लावला."

साहेबांनी रागावण्याआधी फोन उचलला. संध्याकाळपर्यंत विहिरीला कुलूप लागलं आणि वस्तीत टँकर गेला. विहिरीचं पाणी अजून मर्यादेच्या आत निघालं, पण अगदी काठावर. आठवड्याभरात चर खणायला घेतला.

आता नऊही बोअर धाकटीकडे आहेत. थोरली प्रयोगशाळेच्या मागच्या मोरीत बाटल्या धुते. घरी धाकटीने एक अक्षर काढलं नाही. सासूबाईंना वाटतं, थोरलीला वयामुळे हलकं काम मिळालं. थोरलीला रोज वाटतं, हिने एकदा भांडावं, चार शब्द सुनावावेत, म्हणजे आपल्यालाही उलट दोन बोलता येतील. ती सुनावत नाही. रिकाम्या बाटल्यांचा क्रेट खाली ठेवते आणि विचारते, "ताई, चहा घेतलात?"

"घेतला," थोरली म्हणते. घेतलेला नसतो. पण तिच्या हातचं काही नाकारायचं म्हटलं, तर आता तेवढा चहाच उरला आहे.