उघडायची राहिलेली पुडी

चहा पिण्याआधी ते कपात डोकावायचे. माशी बसली तर हाकलायचे नाहीत, तिच्या मिशा बघायचे. दुसऱ्याच्या चुकीला घाई म्हणायचे, स्वतःच्या चुकीला गाढवपणा.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सगळे त्यांना माशीमास्तर म्हणत. प्रेतावरच्या माश्या आणि अळ्यांवरून मरण कधीचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी तिथे लेबलं लिहायचो. साहित्यातली पदवी म्हणून मी ‘कवी’.

एका दुपारी मी विचारलं, डास आणि माशी एकाच गोतातले कसे? ते खुलले. दोघांना दोनच पंख, म्हणाले. मागच्या जोडीच्या झाल्या गाठीच्या काड्या, तोल सांभाळायला. डास-चिलटांच्या मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या. गोमाशीच्या आखूड, अंग दणकट. ती कोशाची पाठ उभी चिरून निघते. घरमाशी, निळी माशी यांची तऱ्हा तिसरी. अळीचीच कातडी सुकून पिंप होतं आणि माशी कपाळानं रेटून त्याचं गोल झाकण उडवते.

अळी दाखवायला त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच्या एका खटल्याचं खोकं काढलं. बंद खोलीत मेलेली बाई. अळ्यांवरून मास्तरांनी मरून चार दिवस झाल्याचं सांगितलं होतं. त्या चार दिवसांत तिच्याकडे आलेला तिचा भाऊ अजून तुरुंगात होता.

खोक्यात अळ्यांच्या बाटलीशेजारी पुडी होती. वर कुण्या शिपायानं लिहिलेलं: उंदराच्या लेंड्या. यात काय, असं मीच विचारलं.

“लेंड्याच. मी कधी उघडली नाही.”

त्यांनी उघडली. तपकिरी दाणे ताटलीत ओतले, भिंग धरलं. बराच वेळ डोकं वर केलं नाही.

“कवी, हे कोश आहेत. रिकामे. माश्या उडून गेल्यात.”

म्हणजे मरून निदान तीन आठवडे. तेव्हा तो भाऊ परगावी इस्पितळात होता. ते खटल्यातच आलं होतं.

“गाढवपणा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक कोश भिंगाखाली घेऊन नव्या अहवालात नोंदवायला सुरुवात केली. जात नक्की ठरल्याशिवाय दिवस सांगता येत नाहीत. चहा थंड व्हायचा. खोलीत माशी शिरली की हात थांबायचा, ती बाहेर जाईपर्यंत. आता माझाही थांबतो.

पाचव्या सकाळी ते आले नाहीत. झोपेतच गेले, असं त्यांच्या पत्नीनं फोनवर सांगितलं.

मी त्यांचा अहवाल प्रयोगशाळेच्या साहेबांकडे नेला. मास्तरांच्या सहीशिवाय हा नुसता कागद आहे, साहेब म्हणाले, मऊपणानं. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस कोशांची नोंद झाली होती. शेवटचं वाक्य अर्धंच होतं, ‘यावरून मृत्यूचा काळ’.