बातूरच्या तळ्याकाठचा गोटा

वेताळ टेकडीचा निम्मा चढ सरला तरी उल्काताईंचं बालीपुराण चालूच होतं. पुढच्या आठवड्यात मैना मुलाबरोबर तिथं जाणार होती, आणि खालच्या मजल्यावरच्या या शेजारणीनं गेल्याच वर्षी ते बेट पाहिलं होतं.

"धबधब्याला जा, पण जपून. पायऱ्या उतरताना मजा वाटते, चढताना सासर आठवतं. समुद्रातल्या खडकावरचं देऊळ ओहोटीला बघ, भरतीला नुसते लांबून हात जोडावे लागतात. आणि काहीही सोड, बातूर सोडू नकोस. ज्वालामुखी म्हणजे मला वाटलं आग ओकत असेल. कसलं काय! गप्प बसलाय. खाली हे एवढं तळं, आणि बाजूला लाव्हा थिजून झालेलं काळं रान. खीर उतू जाऊन शेगडीवर करपावी ना, अगदी तसं."

बोलता बोलता त्यांचा हात सारखा खांद्यावरच्या पिशवीकडे जात होता. पिशवीत त्याच तळ्याकाठचा एक गोटा होता. लिंबाएवढा, काळाभोर, गुळगुळीत. तो वर वेताळाच्या देवळापाशी ठेवायचा, म्हणून तर आज दोघी निघाल्या होत्या.

उल्काताईंचा जन्म कोथरूडच्या दोन खोल्यांत लोकांचे ब्लाउज शिवण्यात गेला. मशीन बंद झालं की स्वयंपाक, आणि सकाळी आधी देवपूजा. प्रवास म्हणाल तर नाशिकपर्यंत. शेवटी लेकीनं, ऋचानं, हट्टानं दोघांचे पासपोर्ट काढून त्यांना टूरला धाडलं. तळ्याकाठी सगळे फोटोत गुंग होते आणि यांना पायाशी हा गोटा दिसला. साक्षात शंकर! लोक नर्मदेतून बाण आणतातच की. यांनी ओढणीच्या टोकाला बांधला आणि घरी आणून देव्हाऱ्यात बसवला. रोज आंघोळ, गंध, सोमवारी बेल.

"बाकीचे देव इथले रहिवासी," त्यांचे यजमान दीनानाथराव म्हणायचे, "हा एकटाच व्हिसा संपल्यावर राहिलाय."

उल्काताई हसायच्या. मग महिन्यापूर्वी ऋचा आली आणि तिनं टूरचा व्हिडिओ लावला. त्यात बसमध्ये उभा राहून तिथला गाइड वायान इंग्रजीत काहीतरी सांगत होता.

"काय म्हणतोय गं?"

"म्हणतोय, डोंगराचं डोंगरापाशीच राहू द्या. आम्हीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय काही उचलत नाही."

पहिल्याच बाकावर उल्काताई दिसत होत्या. ओढणीची गाठ मुठीत धरून, हसतमुखानं मान डोलावत होत्या.

तेव्हापासून पूजेला बसलं की त्यांचा हात अवघडायचा. चोरून आणलेल्या देवाला गंध कुठल्या तोंडानं लावायचं? तोडगा दीनानाथरावांनीच काढला. "अगं, पुणंसुद्धा ज्वालामुखीच्याच दगडावर बसलंय. टेकडीवर ठेव. भावकीतच राहील."

मैनालाही ते पटलं होतं.

देवळापाशी पोचल्यावर उल्काताईंनी झाडाखालची जागा हातानं झाडली, गोटा ठेवला, वर एक फूल वाहिलं. डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दोघी परत निघाल्या. थोडं उतरल्यावर मैनाच्या लक्षात आलं, शेजारी कुणीच नाही. मागे वळून बघितलं तर उल्काताई पुन्हा झाडाखाली वाकलेल्या.

"काय झालं, उल्काताई? देव सगळीकडे एकच ना?"

"देव एकच गं. घर एक नसतं. तुला उचलून माझ्या माहेरी नेऊन ठेवलं तर चालेल का? माहेर चांगलंय माझं. पण तुझं कुठंय?"

उल्काताई गोट्यावरची माती पदरानं पुसत दगडावर टेकल्या.

"इथं ठेवून माझी सुटका होईल. त्याचं काय?"

आता काय येणार ते मैनाला दिसत होतं. आपला इंद्रजीत काय म्हणेल, तेही दिसत होतं. विमानातून दगड नेतेस, आई? पण उल्काताई कुणाकडे काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगात ताप असतानाही दळणाचा डबा स्वतः उचलून नेणारी ही बाई. तोंडाशी आलेले शब्द तिनं दोनदा गिळलेले पाहून मैना परत वर चढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मैना, तू नेशील का गं याला?" उल्काताई गोट्याकडेच बघत म्हणाल्या. "रुमालात गुंडाळून देते. पाणी काठाला लागतं ना, तिथं ठेव. फेकू नकोस. क्षमा माझ्या नावानं माग, मराठीतच माग. आणि ठेवण्याआधी अंगावर जरा कोमट पाणी घाल. वर्षभर कोमट पाण्यानंच आंघोळ घातलीय मी, एकदम गार नको. हॉटेलच्या खोलीत किटली असते बघ. थर्मासमधून ने."