ओसरीवरचा दिवा

लोक त्याला फ्यूज म्हणत, कारण हा वायरमन सगळ्यात आधी स्वतःच उडायचा. चाळीस वर्षं वेळी-अवेळी लोकांच्या हाकांना ओ देऊन तो इतका वैतागला, की निवृत्त होताच टेकडीवर एकटा राहायला गेला. वीज छपरावरच्या सौर पॅनेलची, पाणी झऱ्याचं, फोन नाही.

पायथ्याशी राहणाऱ्या थोरल्या बहिणीने एकच अट घातली होती. "रोज अंधार पडताना ओसरीवरचा दिवा लाव. दिसला नाही तर चढून येईन, गुडघे गेले खड्ड्यात!"

महिन्यापूर्वी फ्यूजला रोजच्या त्या बटणाचाही कंटाळा आला. अंधारताच आपोआप दिवा लागेल अशी सोय त्याने करून टाकली आणि ताईला काही सांगितलं नाही.

आज दुपारी पॅनेल पुसताना शिडी सरकली. अंगणात पडला तो उठलाच नाही. मांडीचं हाड मोडलं होतं, जरा हललं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ओरडून ओरडून घसा बसला. ऐकणार कोण? कोणी नसावं म्हणूनच तर गडी इथे आला होता!

ऊन उतरू लागलं तशी त्याला दिव्याची आठवण झाली. दिवा लागला की ताई निर्धास्त होणार. मग उद्यापर्यंत आपण टिकतो कसले!

हाताला येईल तो दगड तो दिव्यावर भिरकावू लागला. पहिला भिंतीवर, दुसरा खांबावर. जन्मभर पक्कड धरलेल्या हाताला नेम कुठला? शेवटचा बरोबर लागला, पण दिव्याभोवती त्यानेच बसवलेली लोखंडी जाळी होती. मोठा पक्कं काम करणारा! त्याने स्वतःला शिवी हासडली.

दिवा लागला. फ्यूज बसक्या आवाजात हुंदके देऊन रडला.

बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. ताई धापा टाकत समोर उभी.

"अगं, दिवा तर लागला होता..."

"लागला की. पण तू बटण नेहमी दोनदा खालीवर करायचास. महिनाभर तो एकदाच लागतोय. म्हटलं, लावणारा हा नव्हे."

"मग?"

"मग काय, रोज तुझ्या घराखालच्या वळणापर्यंत येते. तुझा नेहमीचा खोकला ऐकला की परत फिरते." तिने आपली शाल त्याच्या अंगावर घातली. "शेजाऱ्यांना फोन केलाय, येतायत मागून. आज खोकला नव्हता रे, रडणं ऐकू आलं. ते मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखते."